बनाबाईंच्या पायाखालची मशीन

माझ्या लोखंडी पायडलची उजवी बाजू डावीपेक्षा साधारण दोन मिलिमीटर जास्त झिजली आहे. डोळ्यांना ते दिसत नाही. बोट फिरवले तर कळते. बनाबाई उजव्या पायाने जोर देत आणि डाव्याने नुसता ताल धरत, म्हणून तसे झाले. मित्रांनो, मी त्यांची शिलाई मशीन. एकवीस वर्षांपूर्वी चिखलीच्या दुकानातून एसटीच्या टपावर बसून मी दुसरबीडला आले.

गावातल्या कितीतरी नवऱ्यामुलींचे ब्लाऊज माझ्या सुईखालून गेले. बनाबाईंच्या लेकीचे, मंजुश्रीचेही. "बनाबाईच्या शिवणाले नाव ठेवाले जागा नाही," असे बाया म्हणत, तेव्हा त्यातले थोडे कौतुक मी गुपचूप माझ्याकडे ठेवून घेई.

पाच महिन्यांपूर्वी बनाबाई अस्तराचे गाठोडे घेऊन फाट्यावर एसटीतून उतरल्या. समोरून मंजुश्रीचे सासरे भगवानराव आपल्या गाडीतून येत होते. विहीणबाईंना घरी सोडावे म्हणून त्यांनी घाईने गाडी वळवली आणि पुढचे चाक बनाबाईंच्या उजव्या पायावरून गेले. घोटा दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, कसे झाले? व्याह्यांचे नाव पोलिसांच्या कागदावर कसे येऊ द्यायचे? बनाबाईंनी सांगितले, "पायरीवरून घसरली." तसेच लिहिले गेले. हे सारे मला नंतरच्या बोलण्यातून समजले.

प्लास्टर निघाले, पण घोटा वळेना. बनाबाईंनी एकट्या डाव्या पायाने मला चालवून पाहिले. ताल चुकला की माझे चाक उलटे फिरे आणि दोरा तुटे. त्या दिवशी तो सहा वेळा तुटला. मग माझ्यावर जुनी साडी टाकली गेली, आणि साडीवर औषधांच्या पिशव्या. डॉक्टर म्हणाले होते, लवकर दुसरे ऑपरेशन केले तर पाय वळेल. उशीर केला तर असाच राहील. त्याचा खर्च देऊ म्हणणारे भगवानराव मात्र दर वेळी म्हणत, "सोयाबीन निघू द्या, मंग पाहू."

शेजारच्या इमामबी तेवढ्या स्पष्ट बोलत.

"अवं बने, गाडीचा विमा कायले असते? वकील कर. भरपाई कंपनी देते, तुया इवायाच्या घरून थोडीच जाते?"

"अन् उद्या माया पोरीले सासरी कोणी बोललं तं?"

"तं मंग पायरीवर केस कर!"

दोघी हसल्या. मग बनाबाईंचे हसू एकदम थांबले.

चिखलीच्या वकीलबाईंनी फोनवर सांगितले होते, जे खरे घडले ते आता लेखी द्यावे लागेल, आणि भरपाई मागण्याच्या सहा महिन्यांच्या मुदतीला तीनच आठवडे उरले आहेत. "उद्या सांगते," बनाबाई म्हणाल्या. तो उद्या रोज पुढे सरके. त्या माझ्या स्टुलावर येऊन बसत, साडीखालून हात घालून माझे चाक अर्धे फिरवत आणि पुन्हा मागे आणत. उठत, दारापर्यंत लंगडत जात, परत येत. मला तेल नव्हते, कुरकुर माझीही चालू होती; पण त्या खोलीत अधिक अस्वस्थ कोण होते, ते मी सांगायला नको.

मित्रांनो, आम्हा यंत्रांचे बरे असते. आम्ही कुरकुरलो की तुम्ही तेलाची कुपी शोधता. माणूस "बरं हाय" म्हणतो आणि तुम्ही ते खरे मानून चालू लागता. घरात कोणाचा पाय ओढत असेल, तर दुसऱ्यांदा विचारा.

परवा सकाळी मंजुश्रीने तसे विचारले. ती सासऱ्यांसोबत आली होती.

"कशा हा, इहीनबाई?" भगवानरावांनी केळ्यांची फणी खाली ठेवली.

"बरं हाय."

"आई, उभी राहून दाखव बरं मले."

माझ्या फळीला धरून बनाबाई उठल्या. उजवी टाच जमिनीला टेकेना. मंजुश्री त्या टाचेकडे पाहत राहिली, मग सासऱ्यांकडे. भगवानरावांनी मान खाली घातली.

"घरातली गोष्ट हाय, घरातच मिटवू," ते हळू म्हणाले. "सोयाबीन निघू..."

बनाबाईंचा पंजा माझ्या फळीवर इतका घट्ट बसला की मी हलले.

"इवाई, माणूस तुम्ही चांगले हा. पण दवाखान्यात मी खोटं सांगतलं. आता खरं लिहून देते. मी वकील करून राह्यली."