उशाखालचा अडकित्ता

मी साखरखेर्ड्याच्या झुंबरबाईचा अडकित्ता बोलतोय. वय झालं, पण पातं चालतं आणि जीभही.

मला कादर लोहारानं घडवलं. तेव्हा वऱ्हाडाचा कारभार नागपुराहून चालायचा, आणि आमच्या घरचा झुंबरबाईच्या तोंडून. ते तोंड चालायचं मी कातरलेल्या सुपारीवर.

मग तिच्या सुनेला, गीताला, दिवस गेले आणि माझी बदली गीताच्या उशाखाली झाली. काम काय, तर हडळीला अडवायचं. लोखंडाला हडळ भिते म्हणतात. मला तर कधी सुपारीही भ्याली नाही.

गीताला पहिल्या बाळंतपणाला बीबी गावाला, आईकडे जायचं होतं. पण कापसाची वेचणी चालू, भाकरी थापायला दुसरं कुणी नाही. झुंबरबाई तसं कबूल करायची नाही. ती गोष्ट सांगायची.

"एक पोटुशी बाई शीव ओलांडून गेली. वाटंत हडळ शिरली तिच्या पोटात. मंग हात तिचे, पण हलवे हडळ. तोंड तिचं, पण जेवे हडळ. बाईले सोताच्या नाकावरची माशी बी हाकलता ये ना."

गीता भाकरी थापत ऐकायची. एकदा म्हणाली, "आत्याबाई, काय खावं, कोन्या कुशीवर निजावं, कुठं जावं, हे आताच माह्या हाती नाही. हडळीले काम काय उरलं?"

"लय बोलते बे तुही बायको," झुंबरबाई लेकाला, पुंजाजीला म्हणाली. पुंजाजीला एकदम आठवलं की बैलांना पाणी पाजायचं राहिलंय.

वरून अशी बोलली तरी गीता मनातून घाबरलेली होती. मला उशाखालून कळायचं. पोटात पोर हललं की दचकायची, हे आपलंच ना म्हणून चाचपायची.

इकडे सुपारीवाचून झुंबरबाईचे हाल. एका दुपारी गीता डोळे मिटून पडली होती. म्हातारी चवड्यांवर आली, मला हळूच ओढलं आणि ओट्यावर जाऊन कटकट कातरायला बसली. वर पाहते तर दारात गीता.

"हडळ जेवायले गेली काय, आत्याबाई?"

म्हातारीनं मला घाईनं पदराआड सारलं.

"तुमच्या सुपारीपुरती थांबते, तं माह्या मायच्या घरापुरती बी थांबन." मग अंगणातल्या नवऱ्याकडे वळून म्हणाली, "अहो, गाडी जुंपा."

पुंजाजीनं आईकडे न पाहता दावणीचे बैल सोडले.

"अन् लोखंड?" झुंबरबाईनं मला पुढं केलं.

"राहू द्या तुमच्यापाशी. तुमाले जास्त भेव हाय."

झुंबरबाईनं गाडीत आपली गोधडी अंथरली. "हळू हाक बे," एवढंच लेकाला म्हणाली.

गीताला बीबीलाच मुलगा झाला. हडळीचा काही निरोप आला नाही.

आता झुंबरबाई नाही. मी कोनाड्यात गंजत पडलो होतो. परवा गीतानंच मला राखेनं घासून काढलं. तिच्या सुनेला दिवस गेलेत.

ठेव बाई, उशाखाली मी मुकाट पडून राहीन. पण गोष्ट सुरू करायच्या आधी त्या पोरीला एकदा विचार, तिला कुठं जायचंय.