पो म्हंजी पोट रिकामं

मी एक जुनी दगडी पाटी आहे. खरं सांगायचं तर अर्धीच. उरलेली अर्धी कुठे गेली ते पुढे येईलच. पण मित्रांनो, अर्धी म्हणून माझी कीव करू नका. धडधाकट पाट्यांना जे जमलं नाही, ते मी केलं आहे, आणि ते सांगायला मला अजिबात लाज वाटत नाही.

शिरूरच्या बाजारातून मला नथानिएल मास्तरांनी विकत आणलं, आपल्या लेकीसाठी, रूथसाठी. तेव्हा माझा काळा रंग कसा तुकतुकीत होता! चारी बाजूंनी सागाची चौकट, कोपऱ्यांना पितळी पत्रे. रूथ मला रोज कोळसा आणि पानं घासून धुवायची. थुंकीने पुसलेलं तिला चालत नसे. इतके लाड कोणत्या पाटीचे झाले असतील?

पुढे रूथ मोठी झाली आणि नर्सिंग शिकायला निघाली. दौंडच्या स्टेशनवर हमालाने ट्रंक आपटली. आत मी होते. माझ्या मधोमध, वरपासून खालपर्यंत तडा गेला. मास्तर मला घरी घेऊन आले, मागून पत्र्याची पट्टी ठोकली, आणि मग काय, सहा वर्षं मी पिठाच्या डब्यावर झाकण होऊन पडले! अक्षरांची सवय असलेल्या अंगावर बाजरीचं पीठ. मी मनातल्या मनात फार कुढले.

रूथ परत आली ती रूथबाई होऊन. भीमेच्या अलीकडे एका गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता, तिथल्या त्या मोठ्या नर्स. डब्यावरून मला उचलून त्यांनी पदराने पुसलं आणि तड्यावरून बोट फिरवलं.

"बरी फुटलीस," त्या म्हणाल्या. "मला अशीच पाटी हवी होती."

झालं होतं असं, की दवाखान्यात धुरपदा नावाची एक बाई कामाला लागली होती. वडगाव रासाईची, मराठी सातवी झालेली. नवऱ्याने दुसरी केली तेव्हा ती भावाकडे आली, आणि भावाकडून इथे. हात मोठा हलका, आजाऱ्यांवर जीव. पण इंग्रजी शब्द कानावर पडले की तिला घाम फुटायचा. जॉर्ज डॉक्टर शिस्तीचे. त्यांनी सांगून टाकलं होतं, "महिनाअखेर मी स्वतः शब्द विचारणार. आले तर राहील, नाही तर घरी."

"मला माघारी धाडू नका, बाई," धुरपदा रूथबाईंना म्हणाली. "भावजयीनं माझं हातरून बी गुंडाळून ठिवलं. तिथं मला जागाच न्हाई."

त्या दिवसापासून आमची शाळा सुरू झाली. रूथबाईंनी तड्याच्या डाव्या अंगाला लिहिलं 'अ' आणि उजव्या अंगाला 'शक्त'. "धुरपदा, शक्त माणसाच्या पुढं नुसता अ आला, की काय होतं?"

"अशक्त. माणूस खाटंवर पडतं."

"आणि रोगाच्या मागं ट लावला तर?"

"रोगट. आमची म्हस हाय तशी."

"मग तुला येतं की सगळं! डॉक्टरांचे शब्दही असेच. पुढं डोकं, मागं शेपूट. शेपटाला आयटिस असलं की समज सूज आली. टॉन्सिलायटिस म्हणजे टॉन्सिलला सूज. एक्टमी असलं की समज काढून टाकलं."

शेपटं धुरपदाला पटापट आली. घोडं अडलं डोक्यांवर. 'ॲन' म्हणजे नाही किंवा कमी, हे तिला पटेचना. "ॲनिमिया म्हंजी रगत लई वाढलं," ती ठासून म्हणाली. रूथबाई चक्रावल्या. ही म्हणे, "आन् म्हंजी आणखी. भाकरी आन् कोरड्यास. तसं रगत आन् रगत!" बाई इतक्या हसल्या, की माझ्यावर पेन्सिलची रेघ वाकडी गेली. मीही हसले, पण पाटीचं हसू कोणाला दिसतं?

'हायपो'च्या वेळी मात्र कोणी हसलं नाही. हायपर म्हणजे वाढलेलं आणि हायपो म्हणजे कमी झालेलं, असं बाईंनी चार वेळा सांगितलं. चारही वेळा धुरपदाने दोन्हींना 'वाढलं' म्हटलं.

"अगं, असं का म्हणतेस?"

"दोनीत हाय हाय की! हाय म्हटल्यावर न्हाई कसं म्हनू, बाई?"

रूथबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग हळूच म्हणाल्या, "चूक माझी. तुझा हाय बरोबरच आहे. आता हाय सोड आणि त्याच्या पुढचं ऐक."

धुरपदा बराच वेळ पुटपुटत बसली. दुसऱ्या दिवशी पाहते तर माझ्या डाव्या चौकटीवर खिळ्याने कोरलेलं: 'पर म्हंजी वर. पो म्हंजी पोट रिकामं.' मला असा राग आला! सागाची चौकट ती! बाईही चिडल्या. पण वाचल्यावर त्यांनी एक अक्षरही घासलं नाही.

महिना संपायला चार दिवस होते. शनिवारची दुपार. जॉर्ज डॉक्टर सायकलवरून दुसऱ्या गावी गेलेले. आमचा धडा चालू असतानाच रूथबाईंना बाळंतपणासाठी आतल्या खोलीत बोलावलं, आणि मी धुरपदाच्या काखेत राहिले. इतक्यात ओरडा झाला.

भांडगावचे हौसराव आप्पा साखरेच्या आजारासाठी दाखल होते. सकाळी त्यांना साखर उतरवणारं इंजेक्शन दिलं होतं. आता ते घामाने निथळत होते, हात थरथरत होते आणि खाटेवर बसल्याबसल्या "बैल सोडा, बैल सोडा," असं काहीबाही बोलत होते. त्यांची बायको सारजाबाई रडत होती. "साखर चढली गं! डोस्क्यात गेली!"

खाटेच्या पायाशी डॉक्टरांची चिठ्ठी होती, मराठीतच, फक्त आजाराचे शब्द इंग्रजी. धुरपदाने एकेक अक्षर जुळवत वाचलं. हायपर झाल्यास गोड बंद, मला बोलवा. हायपो झाल्यास ताबडतोब गूळपाणी.

दोनीत हाय. काखेतल्या मला तिची धडधड ऐकू येत होती. तिने अंगठा माझ्या चौकटीवरून फिरवला. पर म्हंजी वर. पो म्हंजी...

"आप्पा, भाकरी खाल्ली का?"

"बैल सोडा..."

तिने उशी उचलली. खाली फडक्यात सकाळची भाकरी, जशीच्या तशी. शनिवारचा उपास! कोणी रागावू नये म्हणून आप्पांनी लपवून ठेवली होती.

धुरपदा धावत गेली आणि गूळपाण्याची वाटी घेऊन आली. सारजाबाईंनी तिचा हात धरला. "त्येंला साखर झालीया आन् तू गूळ पाजती व्हय? मारती का काय मानसाला?"

"सोडा, मावशी! इंजेक्शन झालंय आन् पोट रिकामं हाय!"

सारजाबाईंनी हिसका दिला. मित्रांनो, धुरपदाला दोन गोष्टी सांभाळायच्या होत्या, काखेतली मी आणि हातातली वाटी. तिने मला सोडलं. वाटी सोडली नाही. मी फरशीवर आपटले आणि चौकटीसकट तड्यातून उभी दुभंगले. त्या पडण्याइतकं सुख मला साऱ्या जन्मात मिळालं नाही.

आप्पांनी घोट घोट करत वाटी संपवली. थोड्या वेळाने घाम ओसरला. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "सारजे, का रडती?" आता त्या बाईने धुरपदाच्या गळ्यात पडून जो हंबरडा फोडला, तो आतल्या नव्या बाळाच्या रडण्यापेक्षा मोठा होता.

संध्याकाळी डॉक्टर आले. सगळं ऐकून त्यांनी फरशीवरून माझा डावा तुकडा उचलला आणि चौकट वाचली. पुन्हा एकदा वाचली. "महिनाअखेरची परीक्षा झाली," ते म्हणाले. "ही राहील."

उजवा, शेपटांचा तुकडा रूथबाईंनी स्वतःजवळ ठेवला. मी, डोक्यांची अर्धी, धुरपदाची झाले. आज ती कुरकुंभकडच्या एका दवाखान्यात नव्या मुलींना शिकवते. मधे रूथबाई येऊन गेल्या, पिशवीत माझी दुसरी अर्धी घेऊन. दोघींनी आम्हाला टेबलावर जोडून ठेवलं. मधे थोडी कपची उडालेली आहे, पण शब्द अजून नीट लागतात.

तेव्हा मित्रांनो, तडकलेल्या पाटीला पिठाच्या डब्यावर टाकू नका, एवढं तर मी मागणारच. पण त्याहून मोठं एक मागणं आहे. कोणाचं चुकलेलं अक्षर पुसायला हात उचलाल, तेव्हा आधी एकदा मायेने विचारा, "अगं, असं का म्हणतेस?"