दोन टिंबांची रेघ

पेन्सिलीची रेघ, दोन्ही टोकांना दाबून दिलेली टिंबं... ती भिंग पुढे सरकवते, पुन्हा मागे आणते. चाळीस वर्षांनी खुला झालेला गुप्तवार्ता विभागाचा कच्चा मसुदा. टंकलेल्या वाक्यात ‘सीमेवर हल्ला होईल’ – त्यातलं ‘होईल’ खोडून वर बारीक अक्षरांत : ‘होण्याची शक्यता नाकारता येत नाही.’ मंत्र्यांच्या टेबलावर गेलं ते हे, गुळगुळीत केलेलं. आणि तिच्या पुस्तकाचं चौथं प्रकरण, सहा वर्षं खपून उभं केलेलं, एवढंच सांगतं की विभाग कानीकपाळी ओरडत होता, मंत्र्यांनीच ऐकलं नाही...

ही रेघ तिने पाहिली होती. इयत्ता पाचवी, निबंधाची वही, स्वयंपाकघरातलं टेबल – बाबा शब्द खोडायचे ते असेच, टिंब, रेघ, टिंब. दोन्हीकडे खिळा मारला की शब्द परत उठत नाही, म्हणायचे. ऑफिसात काय करता विचारलं तर, ‘कागद सरळ करतो.’ हल्ला झाला त्या आठवड्यात ते दाढी न करताच जेवायला बसत, हे मला आठवतं – की आईने नंतर कधी सांगितलेलं?

“मॅडम, चारला फाइल परत हवी,” अभिलेखागाराचे कारकून म्हणाले. “आणि भिंगसुद्धा. मागच्या वेळी तुमच्या पर्समधून फिरून आलंय ते.”

ती हसली. जिन्यात जाऊन फोन लावला.

“बाबा, जेवलात?”

“केव्हाच. काय गं, सापडलं का काही?”

“वाचतेय अजून.”

“आम्ही लिहितानासुद्धा एवढं वाचलं नव्हतं!” ते हसले, हसता हसता खोकले. मग – “छापायला कधी देणार?”

“उद्या.”

“बरं. चष्मा लावून वाच.”

विचारायचं ते न विचारताच तिने फोन ठेवला. याच हाताने मला खरं लिहायला शिकवलं. आणि सीमेवरच्या गावातली ती माणसं, ज्यांना वेळीच हलवता आलं असतं... देवा, एका शब्दाचं तर काम होतं!

जागेवर येऊन तिने तळटीप लिहिली : ‘ही दुरुस्ती माझ्या वडिलांच्या हातची आहे.’ वाचली. पेन्सिल ‘आहे’वर टेकली, रेघ ओढली गेली, वर बारीक अक्षरांत – ‘असण्याची शक्यता नाकारता येत नाही.’

चार वाजायला दहा मिनिटं होती. तिने रेघेची टोकं पाहिली. टिंबं होती, दाबून दिलेली. कधी दिली ते आठवेना. मघाशी बाबांवर आलेला राग शोधला तर तो जागेवर नव्हता... तिथे नुसता त्यांचा दाढी वाढलेला चेहरा होता, ताटावर वाकलेला, घास न घेता.