पैलवानाची कबुली
बेकरीतल्या कामगारांना समजावून समजावून नर्सबाईंनी हात टेकले होते. लस घेतली की माणूस कायमचा लुळा पडतो, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलं होतं. साथ वाढतच होती, म्हणून त्या लशींची पेटी घेऊन पुन्हा आल्या. तेव्हा भट्टीवरचा पैलवान पिठाचे हात पुसत पुढे झाला. मैद्याचं पोतं सहज खांद्यावर टाकणारा गडी तो, त्याच्या शब्दाला तिथे वजन होतं.

"बाई, ती लुळं पडायची गोष्ट मीच उठवली. मला सुईची भीती वाटते, लहानपणापासून."

एकच हशा पिकला. पैलवानाचे कान लाल झाले, पण तो मागे हटला नाही.

"हसा लेको! पण माझ्या थापेपायी कुणाचा जीव जायला नको."

त्याने बाही वर केली आणि डोळे गच्च मिटले. सुई टोचताना बाईंना त्याचा दंड थरथरताना जाणवला.

हसणं थांबलं होतं. पाव बांधणारी मावशी उठली. "मलाही भीतीच वाटते हो," म्हणत ती पुढे आली. तिच्यामागे बाकीचेही आले.

इतक्या वर्षांच्या नोकरीत एवढा धीट माणूस बाईंनी पाहिला नव्हता.