विषय पुढील सभेपर्यंत तहकूब

मी इतिवृत्ताची वही बोलतेय. नाव ऐकूनच जांभई आली असेल, तर त्यात तुमचा काही दोष नाही. संस्थेच्या सभेला कोण हजर होतं, काय ठरलं, कुणी सुचवलं, कुणी अनुमोदन दिलं, एवढंच माझ्या पोटात असतं. मला कुणी हौसेने वाचत नाही. खरं सांगायचं तर सगळा घोळ तिथेच झाला.

लाल कापडी पुठ्ठ्याची मी, स्टेशनरीच्या दुकानात वरच्या फळीवर दोन वर्षं पडून होते. एके दिवशी एक बाई आल्या. शाळेतून थेट आल्या असाव्यात, बोटांना खडू होता.

"टिकाऊ द्या हं," त्या दुकानदाराला म्हणाल्या. "आमची संस्था खूप वर्षं चालणार आहे."

बाईंच्या भाचीला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. तिला बोलायला शिकवता शिकवता बाई स्वतःच ती विद्या शिकल्या. मग शेजारची दोन मुलं आली, त्यांच्या ओळखीची आणखी चार आली, आणि नोकरी सोडून बाईंनी अशा लहानग्यांसाठी केंद्र काढलं. 'प' म्हटलं की ओठांपुढची कागदाची पट्टी हलते, 'म' म्हटलं की नाकावर ठेवलेलं बोट थरथरतं. वयाच्या पाचव्या वर्षाच्या आत हे शिकवलं तर मूल बोलतं. उशीर झाला तर फार जड जातं. त्यामुळे बाई कायम घाईत असायच्या.

माझी पहिली सभा बाईंच्या पुढच्या खोलीत झाली. सात विश्वस्त होते. दातांचे डॉक्टर अध्यक्ष झाले. शेजारचे वकीलकाका सचिव, त्यांचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून लिहायचं काम त्यांच्याकडे. पहिल्याच सभेत भांडण जुंपलं. पहिल्या देणगीतून पंखा घ्यायचा की मोठा आरसा? डॉक्टर पंख्यासाठी हटून बसले. बाई म्हणाल्या, मुलांना स्वतःचे ओठ दिसले पाहिजेत. शेवटी आरसा जिंकला. डॉक्टर फणकारत निघून गेले आणि दुसऱ्या दिवशी स्वतःच्या घरचा पंखा काढून घेऊन आले.

किती जिवंत पानं होती ती! खोडलेल्या ओळी, समासात लिहिलेले आक्षेप, एका कोपऱ्यात चहाचा डाग. तेव्हा मला वाटायचं, आपण मोठं काम करतोय.

पुढे केंद्र वाढलं. भाड्याच्या दोन खोल्या, चाळीस मुलं, चार शिक्षिका. एका मोठ्या कंपनीने खर्चाचा भार उचलला. बाई सकाळी मुलांना शिकवायच्या, दुपारी पालकांना धीर द्यायच्या, संध्याकाळी कंपनीचे अर्ज भरायच्या. सभा बोलवायला वेळ कुणाला होता? आणि यायला तरी कुणाला होता? "तुम्ही ठरवाल ते आम्हाला मान्य," असं सगळे म्हणायचे. बाईंनाही ते ऐकून बरं वाटायचं.

मग वकीलकाका घरी बसूनच सभा लिहू लागले. बाई मला पिशवीत घालून दारोदार फिरायच्या.

"कुठे करू सही?" डॉक्टर विचारायचे.

"नेहमीच्या जागी."

ते चष्मासुद्धा लावायचे नाहीत. 'सविस्तर चर्चा झाली व ठराव सर्वानुमते मंजूर' हे वाक्य माझ्या अंगावर इतक्यांदा उमटलं की मलाच त्याची लाज वाटायला लागली. कुणीच काही बोललं नव्हतं. मी खोटं लिहवून घेत होते आणि गप्प होते.

याच काळात धाकट्या बाई आल्या. खरं तर त्या शिक्षिका. पण केंद्रात एक बाई आधीपासून होत्याच, म्हणून मुलांनी त्यांना धाकट्या बाई केलं. हसऱ्या, चटपटीत. रडून गोंधळ घालणारं मूल त्यांच्या मांडीवर दोन मिनिटांत निवायचं. पालकांच्या अडचणी त्या एका डायरीत टिपून ठेवायच्या. बाई त्यांना "माझा उजवा हात" म्हणायच्या. पण कंपनीच्या माणसांशी बोलायला, अर्ज लिहायला कधी जवळ बसवायच्या नाहीत. "तू मुलं सांभाळ गं, ही कटकट मी बघते."

एका वर्षी कंपनीने कळवलं की मदत पुढे चालू ठेवण्याआधी आमच्या सल्लागारांना भेटा. या सल्लागारांचं कामच ते होतं. छोट्या संस्था चालवणाऱ्यांच्या पाठीशी उभं राहायचं: विश्वस्तांना कामाला कसं लावावं, एकाच दारावर अवलंबून न राहता मदत कशी उभी करावी, आपल्या मागे माणसं कशी तयार करावी, हे शिकवायचं. मऊ बोलणारे, थोडे वाकून चालणारे गृहस्थ होते. आल्या आल्या त्यांनी मला मागितलं आणि पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचून काढलं. मला पुरतं वाचणारा तो पहिला माणूस.

"बाई, या अठरा तारखेला अध्यक्ष सभेला हजर आहेत. पण त्याच दिवशी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, असं मघाशी तुम्हीच म्हणालात."

"मनाने हजर होते ना!" बाई हसल्या.

सल्लागारही हसले. मग मला मिटत म्हणाले, "सह्या सात आहेत, बाई, पण या वहीत माणूस एकच आहे. उद्या तुम्हाला नुसता ताप आला, तर काय?"

बाईंचा चेहरा पडला. सल्लागारांनी मार्गही सांगितला. त्यांचा वर्षभराचा वर्ग होता, महिन्यातून दोन दिवस. प्रत्येक संस्थेतून एकाने यायचं. शुल्क नाही, फक्त विश्वस्तांचा ठराव हवा.

"मी जाऊ, बाई?" धाकट्या बाईंनी त्याच दुपारी विचारलं. "मला शिकायचंय हे सगळं."

"बघू. सभेत ठेवते विषय."

कितीतरी वर्षांनी खरीखुरी सभा भरली. डॉक्टर काठी टेकत आले. धाकट्या बाई बाहेर व्हरांड्यात थांबल्या होत्या. त्यांच्या बांगड्यांचा आवाज आत येत होता. विषय वाचला गेला आणि सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. नेहमीसारखंच.

बाई टेबलावर मांडलेली खेळणी सारखी करत राहिल्या. "मुलगी गुणी आहे," त्या म्हणाल्या. "पण ती दोन दोन दिवस गेली तर मुलं कोण बघणार? यंदा नको. पुढच्या वर्षी पाहू."

"बरोबर आहे," डॉक्टर म्हणाले. बाकीच्यांनी माना हलवल्या. वकीलकाकांनी लिहिलं, 'विषय सर्वानुमते पुढील सभेपर्यंत तहकूब.'

मुलं हे कारण खोटं नव्हतं, पण पुरतं खरंही नव्हतं. सभा संपल्यावर बाई एकट्याच बसल्या होत्या. माझ्या पानावर तळवा ठेवून पुटपुटल्या, "हिला सगळं आलं, तर माझं काय काम उरलं?" ते फक्त मी ऐकलं.

तो विषय त्यानंतर तीन सभांत तहकूब झाला. त्यातल्या दोन सभा भरल्याच नव्हत्या.

पुढच्या उन्हाळ्यात धाकट्या बाईंनी राजीनामा आणून दिला.

"रागावलीस?" बाईंनी विचारलं.

"नाही हो. तुमच्यावर कोण रागावेल? पण इथे मी म्हातारी होईपर्यंत धाकटीच राहणार, बाई."

त्या बाईंच्या पाया पडल्या आणि गेल्या. बाईंनी त्यांना थांब म्हटलं नाही. मान खाली घालून अर्ज भरत बसल्या.

वर्षभरात बाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशननंतर जंतुसंसर्ग झाला. तीन आठवडे त्यांना धड शुद्ध नव्हती. नेमक्या त्याच दिवसांत कंपनीला पुढच्या वर्षांचा अर्ज जायला हवा होता. तो बाईंच्या कॉम्प्युटरमध्ये होता आणि पासवर्ड बाईंच्या डोक्यात. विश्वस्त केंद्रात गोळा झाले.

"वहीत काहीतरी असेलच की," डॉक्टर म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि मला मागून पुढे चाळलं. मंजूर. मंजूर. सर्वानुमते मंजूर. "सही माझीच आहे," ते हळूच म्हणाले, "पण यातलं काहीच मला माहीत नाही."

मी काय सांगणार? माझ्यात सांगण्याजोगं कुणी काही ठेवलंच नव्हतं. मुदत टळली. कंपनीने दुसऱ्या संस्थेला शब्द दिला. बाई वॉकर धरून उभ्या राहीपर्यंत शिक्षिका पांगल्या होत्या. मोठी मुलं लांबच्या शाळेत गेली. तीन लहानग्यांच्या आईबापांना तेवढ्या लांब रोज जाणं जमेना. ती घरीच बसली. त्यांची वयं मला आठवतात. तीन, साडेतीन आणि चार.

शेवटची सभा केंद्र बंद करायची होती. सातही जण आले. ठराव लिहून झाल्यावर बाई म्हणाल्या, "आणखी एक ओळ लिहा. धाकटीला शिकायला पाठवायचं होतं, ते मी अडवलं. मुलांसाठी नाही, माझ्यासाठी."

"बाई, असं इतिवृत्तात लिहीत नाहीत," वकीलकाका कळवळून म्हणाले.

"मग कशात लिहितात? इतकी वर्षं न झालेलं लिहिलंत. आता एकदा झालेलं लिहा."

त्यांनी लिहिलं. मोत्यासारखं अक्षर वेडंवाकडं झालं. ते माझं सर्वांत खरं पान.

पुढे बाई गेल्यावर सल्लागारांनी मला कपाटातून मागून घेतलं. आता मी त्यांच्या वर्गात असते. नवे संस्थाचालक मला हातोहात फिरवतात, आधी हसतात, मग आपापल्या वह्या उघडून बघतात. बाईंना जाऊन दोन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात मला एका ओळखीच्या हाताने उचललं. धाकट्या बाई होत्या. केस पिकायला लागलेत. आता त्या दुसऱ्या गावी स्वतःचं केंद्र चालवतात आणि वर्गाला आल्या होत्या. शेवटच्या पानावर त्या थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून ती ओळ वाचली.

"हे बाईंनी स्वतः सांगितलं?"

"भांडून लिहवून घेतलं म्हणे," सल्लागार म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

धाकट्या बाईंनी नकारार्थी मान हलवली. त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "मला एक फोन केला असता ना, तरी मी धावत आले असते."

बाई त्यानंतर तीन वर्षं होत्या. तिन्ही वर्षं ती ओळ माझ्यात होती आणि मी कपाटात होते. बाईंना वाटलं, लिहिलं म्हणजे पोहोचलं. मला पाय असते तर मी गेले असते; ते मला नाहीत. तुम्हाला आहेत. म्हणून हात जोडून सांगते, ज्याच्याबाबतीत चूक केली, त्याच्यापाशी जाऊन ती कबूल करा; नुसती वहीत लिहून मोकळे होऊ नका.