घोट्याचा मान

रविवारी सकाळी बनशंकरीतल्या गिरीराजच्या घरी भाऊबंदांची बैठक भरली, तेव्हा त्याच्या बायकोनं, कौशल्येनं, मनाशी एक गोष्ट पक्की केली होती. काय वाट्टेल ते होवो, भांगेचा हंडा यंदा या घरात येऊ द्यायचा नाही.

हंडा म्हणजे साधंसुधं प्रकरण नव्हे. पिढ्यान्पिढ्या बंगळूरात मुरलेली ही मराठी घरं. पोरं बसमध्ये कन्नड बोलत, शाळेत इंग्रजी, पण शिवरात्रीला सगळ्यांचे पाय भाऊबंदांच्या छोट्याशा महादेवाच्या देवळाकडे वळत. आदल्या दिवशी एका घरी भांग घोटायची, दूध, बदाम, मिरी घालून तांब्याचा हंडा भरायचा आणि सकाळी वाजतगाजत देवळात न्यायचा. हंडा ज्या घरी राहील, त्या घराला घोट्याचा मान. पाळी फिरत फिरत यंदा गिरीराजकडे आली होती. मागच्या खेपेला ऐन वेळी वडील गेले, सुतक आलं आणि मान दुसऱ्याकडे गेला. तेव्हापासून बँकेतला हा मवाळ कॅशियर त्या एका दिवसाकडे डोळे लावून बसला होता.

आणि कौशल्येला मात्र त्या दिवसाची धास्ती होती, ती रक्षितामुळे. धाकटा अभिराज दहावीत, आणि सतरा वर्षांची ही त्यांची थोरली मुलगी पीयूसीला, म्हणजे बारावीला होती. कॉलेजमागच्या गल्लीत मैत्रिणींबरोबर गांजा ओढायला लागली. आधी गंमत म्हणून, मग रोज. दिवाळीच्या सुमारास तिला वाटायला लागलं, की बसचा कंडक्टर, शेजारची मामी, रेडिओवर बातम्या देणारी बाई, सगळे आपल्याबद्दलच बोलताहेत. जेवण सुटलं, झोप उडाली, शेवटी मोठ्या दवाखान्यात ठेवावं लागलं. भाऊबंदांना सांगितलं, विषमज्वर आहे. सगळ्यांनी मोसंबी आणून दिली.

डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट बजावलं होतं, की या वयात मेंदू अजून घडत असतो. सगळ्यांना असा त्रास होतो असं नाही, पण हिला झालाय, तेव्हा गांजाही नको आणि भांगही नको. पुन्हा असं झालं, तर सावरणं कठीण जाईल. आणि परवा घोट्याची बातमी कळल्यावर रक्षितानं स्वतःच आईचा हात धरून सांगितलं, "आई, हंडा घरात असला तर मला राहवणार नाही. मी खोटं नाही बोलत."

हे गिरीराजला सांगितलं, तर तो म्हणाला, "कपाटात ठेवू की कुलूप लावून." हंडा आणि कपाटात! कौशल्येनं कपाळावर हात मारून घेतला.

बैठकीत सर्वांत थोरले मानसिंगअण्णा. देवनहळ्ळीला शेती, आवाज खणखणीत, आणि आपलं बोलणं संपलं म्हणजे विषय संपला अशी पक्की समजूत. उप्पीट आणि कॉफी झाल्यावर त्यांनी सुरुवात केली, "सरी, ठरलं तर, यंदा घोटा गिरीकडे."

"अण्णा, घर लहान पडतं," कौशल्या चटकन म्हणाली.

"गच्चीवर मांडव घालू," अण्णांचा धाकटा भाऊ फत्तेसिंग म्हणाला.

"माझ्यानं एवढं उभं राहवत नाही हल्ली."

"तुम्ही नुसत्या बसा कौसक्का, आम्ही चौघी येतो की," अण्णांची सून स्मृती म्हणाली. ती अगदी मनापासून बोलत होती, आणि त्याचाच कौशल्येला जास्त राग आला. माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं.

शेवटी तिनं मुद्द्यालाच हात घातला. "मला वाटतं, घरात पोरं-पोरी असताना ही भांग आता बंदच करावी. केशराचं दूध करू. देव काही रागावत नाही."

झालं. मधमाश्यांच्या पोळ्यावर दगड मारल्यासारखं झालं.

"भांग म्हणजे नशा नव्हे, प्रसाद आहे," अण्णा गरजले. "सरकारनं पंच्याऐंशी साली गांजा बंद केला, चरस बंद केला, पण भांगेचं पान सोडलं. का सोडलं? दिल्लीवाल्यांनाही कळतं म्हणून!"

वरच्या मजल्यावर सुशांत नावाचा पुण्याचा तरुण भाड्यानं राहायचा. कॉम्प्युटर कंपनीत होता. रविवारचा पेपर मागायला खाली आला आणि कुणी बोलावलेलं नसताना वादात शिरला. "अ‍ॅक्च्युअली काका, गांजासुद्धा लीगल करायला पाहिजे. हॉलंडमध्ये कॉफी शॉपमध्ये मिळतो. दारूनं रोज माणसं मरतात, ती चालते. उघड दुकानात विकला, वय बघून दिला, तर गुंडांचा धंदाच बसेल."

"आणि वय बघणार कोण?" कौशल्येनं विचारलं. "कोपऱ्यावरचा दुकानदार पोराटोरांना सिगारेट देताना वय बघतो का?"

"काकू, तो इम्प्लिमेंटेशनचा इश्यू झाला."

"माझ्या आजोबांनी नव्वदीपर्यंत घेतली," फत्तेसिंग म्हणाला. "दात शाबूत होते."

"दातांचं कोण बोलतंय? मी डोक्याचं बोलतेय! कोवळ्या वयात—"

पण तिचं वाक्य पुरं होऊ देईल तर तो वाद कसला. अण्णा वैद्यकीवर गेले, सुशांत अमेरिकेवर गेला, फत्तेसिंग आजोबांपाशीच घुटमळला. अण्णांना सुशांतचं पटत नव्हतं, सुशांतला अण्णांचं पटत नव्हतं, पण कौशल्येचं ऐकायचं नाही यावर मात्र दोघांचं एकमत होतं. तळपायाची आग मस्तकाला जाणं म्हणजे काय, ते तिला त्या खुर्चीत बसल्या बसल्या कळलं. अख्ख्या जगाच्या नशेचा निकाल लावायला निघालेल्या या मंडळींना भिंतीपलीकडे, स्वयंपाकघरात कॉफीचे पेले विसळणारी पोर दिसत नव्हती.

"आणि पोरींना आपण कधी देतो का?" अण्णांनी समारोप केला. "त्या तर थेंबाला शिवत नाहीत. मग तुला कसली काळजी, कौसक्का?"

कौशल्येनं नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच गप्प राहा म्हणून खुणावलं. मुलीचं लग्न व्हायचंय, हे तिलाही कळत होतं. पण लग्नाला मुलगी धड राहायला हवी ना!

"रक्षिताला विषमज्वर नव्हता," ती म्हणाली. "ती गांजा ओढत होती. डोक्यावर परिणाम झाला, म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. हंडा घरात आला तर ती पुन्हा घेईल. मी खोटं सांगत होते, आता खरं सांगतेय."

सुशांत पेपरची घडी घालायला लागला. मग अण्णांनी मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचा आवाज मऊ झाला.

"कळलं मला. अभिराज ना?"

"काय?"

"अगं, पोरगा चुकला तर चुकला. दहावीचं वय वाईटच. पण पोराला झाकायला पोरीचं नाव बदनाम करू नये. आपल्या घरातली पोर गांजा ओढते असं कुणी ऐकलंय का?"

"अण्णा, मी अभीबद्दल बोलतच नाहीये! तो क्रिकेट खेळायला गेलाय. त्याचा काही—"

"सांजसकाळ मैदानावर असतो, तेव्हाच मला शंका आली होती," फत्तेसिंग म्हणाला.

कौशल्या नवऱ्याकडे वळली. "अहो, सांगा ना!"

गिरीराजनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. "अण्णा म्हणतात ते खरं आहे," तो खाली बघत म्हणाला. "अभीच."

मग सगळं पटापट उरकलं. घोट्याचा मान यंदा स्मृतीच्या घरी. उन्हाळ्यात अभिराजनं देवनहळ्ळीला अण्णांकडे राहायचं, शेतात राबलं की खूळ उतरेल. बाहेर बोभाटा करायचा नाही. अण्णांनी कौशल्येच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "आई आहेस, समजू शकतो." तिला जे हवं होतं ते मिळालं होतं, आणि तिला ओरडावंसं वाटत होतं.

ती तडक स्वयंपाकघरात गेली. रक्षिता ओल्या हातांनी ओट्याला टेकून उभी होती. दाराचा आडोसा तो केवढा, तिनं सगळं ऐकलं होतं.

"मी सांगितलं गं त्यांना," कौशल्या म्हणाली. "तुझं नाव घेऊन सांगितलं."

"ऐकलं मी." रक्षिताचा आवाज शांत होता, आणि तो शांतपणा कौशल्येला आवडला नाही. "माझं आजारपणसुद्धा त्यांनी अभीला देऊन टाकलं, आई. आता मी बरी झाले, हे मी कुणाला सांगू?"

कौशल्येनं तिला जवळ ओढलं. बाहेरून फत्तेसिंगनं हाक मारली, "कौसक्का, स्वल्प कॉफी मिळेल का अजून?"

"नाही मिळणार," कौशल्या म्हणाली, आणि तिनं लेकीला सोडलं नाही.