एकविसावी टोपी

ट्रेकिंगचा धंदा ताईचा. मी तिचा धाकटा भाऊ, पहिल्यांदाच एकटा गट घेऊन निघालेला. "सोपा किल्ला आहे, नवखेसुद्धा सहज चढतात," ती म्हणाली. "पण वीस नेशील ते वीस आण. एक जरी कमी झाला तर तुला पुन्हा पाठवणार नाही."

बसमधून उतरल्यावर मोजले. वीस. पहिल्या टप्प्यावर मोजले. एकवीस!

कमी असता तर बोंब तरी मारता आली असती. जास्त झाल्यावर माणसानं काय करायचं? सगळ्यांच्या डोक्यावर आमच्याच पिवळ्या टोप्या, सगळे एकमेकांना अनोळखी, आणि फोटोसाठी एक जण एका जागी उभा राहील तर शपथ. यादी बसमध्ये राहिली होती. हे ताईला सांगायचं नाही.

दरवाज्यापाशी एकवीस, वर तोफेजवळही एकवीस. शेवटी मी नाद सोडला. कमी तर नाहीत ना!

संध्याकाळी बसमध्ये मोजले. वीस. माझा जीव भांड्यात पडला. लगेच ताईला फोन केला, "वीसच्या वीस!" तीही खूश.

बस सुरू झाली आणि माझ्या मनात आलं, दिवसभर मी चुकत असेन तर ठीक, पण नसेन तर?

"थांबवा!" मी ओरडलो. "कुणी राहिलंय का?"

"ते काका दिसत नाहीत," मागची मुलगी म्हणाली. "तुमचे वडील ना ते? चढताना तुम्ही त्यांना टोपी दिलीत."

दिली होती. त्यांनी मागितली, मला वाटलं आमच्यातल्याच कुणाची हरवली.

बस तशीच उभी ठेवून मी धावत वर गेलो. दरवाज्याच्या पायरीवर काका बसले होते. एक बूट काढलेला, घोटा सुजलेला.

"हाक का नाही मारलीत?" मी चिडूनच विचारलं. खरं तर रडू येत होतं.

"कोणत्या हक्कानं मारू? एकटाच आलो होतो. तुम्ही टोपी दिलीत, म्हणून तुमच्या मागून चालत राहिलो."

त्यांचा हात खांद्यावर घेतला तोच फोन वाजला. ताई.

"अजून निघाला नाहीस? वीस आहेत म्हणालास ना?"

"मोजायला चुकलो, ताई. एकवीस आहेत."